चार कोपऱ्यांचं माप

गाडी फाटकातून आत आली तेव्हा तिचा आवाज असा आलाच नाही. शिवणखान्यात सहा मशिनं चालू होती, म्हणून असेल, असं घरच्या थोरल्या सुनेला, थोरलीला, वाटलं. मग एकेक मशीन थांबलं, बाया खिडकीशी गोळा झाल्या, सगळं शांत झालं, तरी आवाज नव्हता. टायरांखाली खडी तेवढी चुरचुरली. गर्द हिरव्या रंगाची, उंच, भरल्या खांद्यांची ती गाडी अंगणातल्या कोब्यावर येऊन थांबली. आत बसलेल्या धाकट्या दिराने कसलंसं बटण दाबलं, तशी गाडीने एक हलका सुस्कारा टाकला आणि चारी अंगांनी जराशी खाली बसली.

"बसली बघा," काजं करणारी म्हातारी बाई म्हणाली. "मोठ्या घरच्या बाईसाहेब दिसतात. घेर सावरून बसल्या."

झालं, नाव पडलं. कागदावर काय असेल ते असो, या घरात ती बाईसाहेबच.

थोरली हातातली कात्री टेबलावर ठेवून बाहेर आली. तिने दार उघडलं तर ते जड आणि तरी हलकं, जुन्या कपाटाच्या दारासारखं. आतली कातडी आसनं मधाच्या रंगाची. त्यांवरची शिलाई तिने आधी पाहिली, कारण तिची नजर आधी शिलाईवरच जायची. दुहेरी टाका, एका इंचात सात, कुठे गाठ नाही, कुठे ओढ नाही. ज्याने कुणी घातला होता त्याचा हात चांगला होता. तिने तळव्याने आसन दाबलं. ते आत गेलं आणि सावकाश वर आलं, हाताला हात दिल्यासारखं.

पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये ठोकळा, घरची जुनी गाडी, उभा होता. चौदा वर्षांचा, चौकोनी, उन्हाने फिका पडलेला. मामंजी असताना घेतलेला, त्यांच्यामागे थोरलीच्या हाती आलेला. पूर आला, दरड कोसळली, लग्नाच्या हंगामात झग्यांचे गठ्ठे छतापर्यंत भरले, ठोकळा कधी रस्त्यात थांबला नाही. पण त्याचे पाटे लोखंडाचे, आणि रस्त्यातला खडा न् खडा तो वर बसलेल्याच्या पाठीत पोचवायचा.

पाठीचाच तर सगळा प्रश्न होता.

सासूबाईंच्या कण्यातले दोन मणके चुरले होते. हाडं ठिसूळ झाली होती. घाटापलीकडच्या मोठ्या इस्पितळात दर महिन्याला नेऊन, मणके तपासून, एक इंजेक्शन घ्यायचं. वर्षभर, बारा. पाच झाली होती, सात राहिली होती. जायला तीन तास, यायला तीन तास. मागच्या खेपेला घाट उतरून आल्यावर त्या दोन दिवस कुशीवर वळू शकल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी उशीला टेकून बसल्या आणि तिन्ही मुलांना समोर बोलावून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "पुढल्या महिन्यापासून मी जाणार नाही. उरलेलं असंच घरात उतरू दे." आणि मग थोरलीकडे वळून, "त्या निळ्या झग्याचं अस्तर आलं का गं?"

येत्या गुरुवारी सहावं इंजेक्शन होतं. आज सोमवार.

*

ताई संध्याकाळी कामावरून तडक आली. थोरलीची ही नणंद, भावंडांत सगळ्यात मोठी. विमा कंपनीत होती आणि मोडलेल्या गाड्यांचं नुकसान ठरवणं हेच तिचं काम, त्यामुळे धडधाकट गाडीकडेही ती आजारी माणसाकडे पाहावं तशी पाहायची. अंगणात तिने बाईसाहेबांना दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पोट पाहिलं, आत बसून डोळे मिटून घेतले, आणि मग कापणीच्या मोठ्या टेबलाशी येऊन कागद पसरले.

"सात वर्षांची गाडी. पहिली चार वर्षं कंपनीत सर्व्हिस, शिक्के आहेत. पुढची तीन वर्षं कोरी. का?"

"बाहेर करून घेतली असेल," धाकटा म्हणाला.

"असेल. तुझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी असेल असतं."

"ताई, तू एकदा बसून तर बघ नीट."

"बसले ना. म्हणून तर भीती वाटते. इतकी मऊ आहे की माणसाला प्रश्न विचारायचं भानच राहत नाही."

थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, मशिनच्या तेलाने काळी झालेली बोटं चिंधीला पुसत होता. कमी बोलायचा. "आईला आराम पडणार असेल तर मी एकही प्रश्न विचारणार नाही," तो म्हणाला. "ठोकळा देऊन टाकू आणि ही घेऊ. दोन हत्ती पोसायला आपण काय सर्कस आहोत?"

दोघे भाऊ एकीकडे, ताई एकीकडे. टेबलाच्या लांब कडेशी थोरली खडूची टोकं पाडत उभी होती, कुणाच्याच बाजूला नव्हती. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

"ऐक," ताई भावाला म्हणाली. "हिच्या चाकांवर पाटे नाहीत की स्प्रिंगा नाहीत. रबरी पिशव्या आहेत, हवेच्या. चार चाकांना चार. म्हणून ती अशी तरंगते. पण रबर म्हातारं झालं की घडीवर चिरतं, आपलं अस्तर चिरतं तसंच. हवा गळायला लागते. मग हवा भरणारा कंप्रेसर दिवसभर धापा टाकतो आणि एक दिवस जळतो. मग या बाईसाहेब जमिनीला पोट टेकून बसतात. या वर्षी माझ्याकडे अशा तीन आल्या. एक तर घाटातूनच उचलून आणलेली."

थोरल्याचा चिंधीतला हात थांबला. "घाटातून?"

"अर्ध्या घाटातून."

"मग नको," तो म्हणाला. पान उलटावं तसा तो उलटला. "आई आत असताना घाटात बसली तर? नको."

आता धाकटा एकटा पडला. नेहमी हसता, दुकानात गिऱ्हाइकाला झगा नको असला तरी पडदे विकणारा हा मुलगा. त्याचा चेहरा उतरलेला थोरलीने पहिल्यांदाच पाहिला.

"बरं, नको," तो म्हणाला. "मग गुरुवारी काय करायचं तेही सांगा. ठोकळ्यात ती बसणार नाही. उरलेलं घरात उतरू दे म्हणाली. तुम्ही ऐकलंत, मीही ऐकलं. मला गाडीची हौस आहे, कबूल. पण ही मी हौसेने नाही आणली. अकरा गाड्यांच्या मागच्या सीटवर कुशीवर झोपून पाहिलं, डोळे मिटून. आईसारखा. बाजारातली माणसं हसत होती."

ताईने कागद गोळा केले, परत पसरले. "मी नको म्हणत नाहीये रे," ती म्हणाली. आवाज बदलला होता. "मला कळत नाहीये."

"चालवणार कोण?"

आवाज दाराकडून आला. सगळ्यांनी मागे पाहिलं. आई चालण्याची चौकट धरून उभ्या होत्या. जिना चढवत नाही म्हणून गेले आठ महिने त्या खालीच, गिऱ्हाइकाच्या ट्रायलच्या खोलीत झोपत. तीन बाजूंनी तीन उंच आरसे आणि मध्ये त्यांची खाट. त्या आरशांतून त्यांना अख्खा शिवणखाना दिसायचा. कुणाचा टाका वाकडा जातोय हे त्या पडल्या पडल्या सांगायच्या.

"गाडीची आई काढलीत, बाप काढलात," त्या म्हणाल्या. "चालवणार कोण, ते कुणी काढलं का?"

तिन्ही भावंडांनी थोरलीकडे पाहिलं. खडूची भुकटी तिच्या बोटांवर जमली होती.

"तू सांग गं. तुला काय वाटतं?"

चाळीस वर्षं या बाईने या टेबलावर कापड कापलं. तिची कात्री कापडात शिरली की पाण्यातून होडी जावी तशी जायची, मागे वळायची नाही. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पहिल्या झग्याचे टाके याच बाईने बसल्या बसल्या उसवून टाकले होते, तीनदा, आणि चौथ्यांदा काही न बोलता तो गिऱ्हाइकाच्या खोलीत टांगला होता. कौतुक म्हणतात ते एवढंच. त्यावर थोरलीने अठरा वर्षं काढली होती. तिला खोटं सांगणं शक्य नव्हतं.

"आई, मला दोन्हींची भीती वाटते," थोरली म्हणाली. "ठोकळ्याचं मला सगळं कळतं. कुठला आवाज खोकल्याचा, कुठला तापाचा. हिचा आवाजच येत नाही. घाटात हिला काही झालं तर मला आधी कळणारच नाही. पण ठोकळ्यात..." ती थांबली. "ठोकळ्यात प्रत्येक खड्ड्याला तुम्ही श्वास धरता. मी खड्डे मोजत असते. मागच्या वेळी घाटात एकशे चौदा खड्डे होते."

आई चौकट ठक ठक पुढे टाकत खिडकीशी गेल्या. बाहेर बाईसाहेबांच्या पाठीवर संध्याकाळचं पिवळं ऊन पडलं होतं.

"देखणी आहे," त्या म्हणाल्या. "खांदा सुरेख बसलाय. कापणाऱ्याने कापड वाया घालवलेलं नाही." धाकट्याचा चेहरा उजळला. "परत कधी द्यायची?"

"उद्या दुपारपर्यंत आपल्याकडे आहे."

"मग भांडताय कशाला? एक रात्र टांगा."

या घरातल्या मशिनलासुद्धा तो नियम पाठ होता. घेरदार झगा तिरप्या कापाचा असला की त्याला लगेच खालची दुमड घालायची नाही. एक रात्र खांद्यांवर टांगून ठेवायचा. कापड आपल्याच वजनाने उतरतं, पण सगळीकडे सारखं नाही. कुठे बोटभर, कुठे दोन बोटं. सकाळी काठ पाहिला की कळतं, कापड कुठे दमलंय. मग काठ सारखा करायचा आणि मगच शेवटचा टाका. बाजारातली दुकानं ही रात्र वाचवत. या घराने पन्नास वर्षांत एकदाही वाचवली नव्हती.

"हवेवर उभी आहे म्हणता ना ती? मग आत्ता चारी कोपऱ्यांचं माप घ्या. चाकावरच्या कमानीपासून जमिनीपर्यंत. सकाळी पुन्हा घ्या. कुठे उतरली ते ती स्वतःच सांगेल."

ताई आईकडे बघतच राहिली. "आमच्याकडे मशीन लावून तपासतात," ती म्हणाली, "पण ते मशीनही यापेक्षा वेगळं काही विचारत नाही."

थोरलीने फिटरकाकांना फोन लावला. ठोकळ्याला चौदा वर्षं धडधाकट ठेवला तो याच माणसाने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "तुमच्या सासूबाई गॅरेजात हव्या होत्या. माप घ्याच. पण एक करा, माप झालं की मी सांगतो तो फ्यूज काढून ठेवा. या गाड्या लबाड असतात. कुठला कोपरा खचला की कुणी नसताना हळूच स्वतःला सावरून घेतात. सकाळी तुम्ही बघायला जाता तेव्हा आपल्या ताठ. दुखणं दिसूच देत नाहीत."

फोन कानाशी धरून थोरली ट्रायलच्या खोलीच्या दारात उभी होती. आत आई खाटेवर बसत होत्या. कुणी बघत नाही असं वाटून त्यांची पाठ घडी पडावी तशी खाली आली होती. मग आरशात थोरली दिसली, आणि ती पाठ पुन्हा सरळ झाली.

"काय म्हणतात फिटर?" त्यांनी विचारलं.

"फ्यूज काढून ठेवा म्हणतात," थोरली म्हणाली.

ऊन असेतो माप घेतलं. थोरली कोब्यावर गुडघे टेकून टेप धरी आणि आकडा सांगे, धाकटा लिहून घेई. पुढे दोन्ही बाजूंना साडेतीस इंच. मागे दोन्ही बाजूंना एकतीस. जिथे टेपचं टोक टेकलं तिथे तिने जमिनीवर खडूने फुली मारली, सकाळी जागा चुकायला नको म्हणून. शेवटच्या फुलीशी तिने त्या हिरव्या कमानीवर तळवा ठेवला. धातू अजून कोमट होता. तू खरं बोल, बाई, ती मनात म्हणाली. एवढंच कर.

*

सकाळी थोरली चहा घेऊन खाली आली तोवर अंगणात निकाल लागून गेला होता.

"चारही गळतायत," थोरला सांगत होता. त्याने बाकीच्यांची वाट न पाहता उजाडल्याबरोबर मापं घेतली होती. "तीन कोपरे पाव पाव इंच उतरलेत. मागचा डावा तर अख्खा इंच."

"संपलं," ताई म्हणाली. ती फाटकातून नुकतीच आत येत होती आणि तिच्या बोलण्यात विजय नव्हता. "एक पिशवी बदलता येते. चारही गेल्या असतील तर कंप्रेसरही दमलेला असणार. फोन कर रे, घेऊन जा म्हणावं."

धाकट्याने फोन काढला. नंबर शोधायला त्याला फार वेळ लागत होता.

"थांब," आतून आवाज आला. ट्रायलच्या खोलीची खिडकी उघडी होती. "पुढचे दोन आणि मागचा उजवा, तिन्ही बरोबर पावच?"

"बरोबर पाव, आई."

"तीन ठिकाणी सारखंच? असं कुठलं कापड उतरतं? माणूससुद्धा तीन बाजूंनी सारखा खचत नाही. टेप कुठला घेतलास?"

थोरल्याने हातातल्या टेपकडे पाहिलं. पिवळा, मऊ पडलेला, टोकाची पितळी पट्टी झिजून पातळ झालेली. मामंजींचा टेप. एरवी तो कापणीच्या टेबलावर खिळ्याला लटकत असे. मामंजींनी तो तीस वर्षं गळ्यात घातला होता, आणि तीस वर्षं गळ्यात राहिलेला कापडी टेप ताणून लांब होतोच. इंच मोठे होतात, आकडा कमी दाखवतो. तीस इंचांना पाव इंच खातो. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोरीला पहिल्या दिवशी बजावलं जायचं, हा टेप नमस्काराचा, मापाचा नव्हे. आणि आज त्याच टेपने मालकाच्या थोरल्या मुलाने माप घेतलं होतं.

"अरे देवा," ताई म्हणाली.

थोरल्याचे कान लाल झाले. "मला वाटलं," तो खाली बघत म्हणाला, "एवढं मोठं काम आहे. बाबांचा हात लागू दे."

कुणालाच हसू आवरलं नाही. ताई तर हसता हसता बाईसाहेबांच्या बॉनेटला टेकली. खिडकीतून आईंचंही हसू आलं, बारीक, जपून, पाठीला कळू न देता हसलेलं. कित्येक महिन्यांनी.

"लागला ना हात," त्या म्हणाल्या. "आता नव्या टेपने घ्या. कालचा होता तोच. आणि जिने काल घेतलं तिलाच घेऊ दे."

थोरली पुन्हा फुल्यांशी गुडघे टेकून बसली. पुढे साडेतीस. पुढे साडेतीस. मागे उजवीकडे एकतीस. मग ती डाव्या कोपऱ्याशी गेली, दोनदा टेप लावला, तिसऱ्यांदा लावला.

"सव्वातीस," ती म्हणाली. "पाऊण इंच."

आठ वाजता फिटरकाका आले. साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश, एवढंच त्यांच्याकडे होतं. चाक काढून, पालथे झोपून त्यांनी डावी पिशवी रंगवावी तशी साबणाने रंगवली. सगळे त्यांच्याभोवती उकिडवे बसले, ताईसुद्धा, ऑफिसचे कपडे घालून. घडीच्या आतल्या बाजूला एक बुडबुडा उगवला. फुगला, फुटला. मग दुसरा, त्याच जागी.

"हा बघा, बोलतोय," फिटरकाका म्हणाले. बाकीच्या तीन पिशव्यांवर त्यांनी तसंच केलं. त्या गप्प राहिल्या. मग फ्यूज लावून गाडी चालू केली आणि ती वर उठायला किती वेळ घेते ते घड्याळात पाहिलं. "कंप्रेसर ठणठणीत आहे. गळती नवी आहे, त्याला अजून दमवलेलं नाही. आणखी सहा महिने कुणाला कळलं नसतं तर तोही गेला असता. मागच्या दोन्ही पिशव्या नव्या घाला. एकीला नवी आणि दुसरीला जुनी नको, शेजारणींत भांडणं लागतात. माल बाहेरून यायला आठदहा दिवस."

"आणि ती तीन कोरी वर्षं?" ताईने विचारलं.

"इंजिनचं तेल काढून बघू, बाकीचं मशीन लावून बघू. पण ताई, जुन्या गाडीत दुखणं असतंच. माहीत असलेलं दुखणं घेऊन मी कुठेही जाईन. मला भीती असते ती न सापडलेल्याची."

ताईने भावाच्या हातातला कागद घेतला आणि कोऱ्या बाजूवर भराभर लिहायला लागली. दोन्ही पिशव्या विकणाऱ्याने बदलून द्यायच्या. पावती आणि जुन्या पिशव्या दोन्ही दाखवायच्या. कोऱ्या वर्षांचा हिशेब तोंडी चालणार नाही. बदलल्यावर पुन्हा एक रात्र आपल्या अंगणात. "मी स्वतः येते तुझ्याबरोबर," ती धाकट्याला म्हणाली. "तू गोड बोल. मी बोलणार नाही, नुसती बघेन." आणि आत्तापर्यंत एकमेकांकडे पाठ करून उभी असलेली ती दोघं एका कागदावर डोकी लावून उभी राहिली.

सगळं छान झालं होतं. फक्त दहा दिवस लागणार होते, आणि गुरुवार परवा होता.

*

थोरली एकटीच ट्रायलच्या खोलीत गेली. तिच्या काखेत मापांची वही होती.

आई उशीला टेकून बसल्या होत्या. तिन्ही आरशांत त्या दिसत होत्या, समोरून आणि दोन्ही कुशींवरून. "मला माहीत आहे तू कशाला आलीस," त्या म्हणाल्या. "एक महिना राहिला तर राहिला. गाडी बरी होऊन येऊ दे, मग बघू."

"तुम्हाला एक माप दाखवायचंय."

"कुणाचं?"

थोरलीने वहीचं शेवटून दुसरं पान उघडलं. वर नाव नव्हतं. गळ्याच्या खळगीपासून कमरेपर्यंत, पुढची उंची, एवढंच लिहिलेलं. खाली तारखा. आई चष्मा लावून वाचू लागल्या. साडेचौदा. चौदा. पावणेचौदा. साडेतेरा. कापणारी बाई ती. असं उतरत जाणारं माप कुणाचं असतं हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"तुमच्या गाऊनचा पुढचा काठ जमिनीला लागायला लागला तेव्हा पहिल्यांदा घेतलं," थोरली म्हणाली. "मग दर महिन्याला घेत गेले."

आईंनी खुंटीकडे पाहिलं. खुंटीवर गाऊन होते, एकावर एक, बारीक फुलांचे, रेघांचे, ठिपक्यांचे. "तरीच," त्या म्हणाल्या. "मी म्हणते ही बाई मला महिन्याला एक गाऊन का शिवते. आठ गाऊन. मेल्यावर वाटायला काढलेत की काय, असं वाटलं होतं मला."

"पुढे बघा ना, आई."

आईंचं बोट खाली सरकलं. साडेतेरापाशी पहिल्या इंजेक्शनची तारीख होती. दुसरं, सव्वातेरा. तिसरं, सव्वातेरा. चौथं, सव्वातेरा. पाचवं, सव्वातेरा.

आईंचं बोट त्या चार सव्वातेरांवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं, शिवलेल्या काठावरून फिरवावं तसं, कुठे गाठ लागते का बघत.

"थांबलंय," थोरली म्हणाली. "चार महिने उतरलेलं नाही. डॉक्टरांच्या फोटोत काय दिसतं ते मला समजत नाही. मला हे समजतं."

आईंनी चष्मा काढला. "टेप कुठला घेतलास?"

"नवा, आई. दर वेळी तोच."

"हं."

त्या चौकटीला धरून उठल्या. थोरली पुढे झाली तशी त्यांनी हातानेच तिला थांबवलं. मधल्या आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि मग, सून बघत असताना, त्यांनी पाठ सैल सोडली. सावरली नाही. जेवढी खाली यायची तेवढी येऊ दिली. थोरलीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आणि तरी तिला त्या क्षणी त्या टेबलाशी उभ्या राहायच्या तेव्हापेक्षा उंच वाटल्या.

"घे आता," त्या म्हणाल्या.

थोरलीने टेप लावला. तिने दोनदा वाचलं. "सव्वातेरा."

"लिही."

तिने लिहिलं.

"गुरुवारी ठोकळा काढ," आई आरशातूनच म्हणाल्या. "बाईसाहेबांना टांगून राहू दे, घाई नको. त्या येईपर्यंत त्यांची बटणं शिकून घे. आणि ते खड्डे मोजणं बंद कर, मोजायला लागलीस की तुझा वेग चुकतो, मला मागे कळतं. एरवी तुझा हात सरळ आहे. गाडीवरही."

थोरलीने मान खाली घातली. अठरा वर्षं. ती वही मिटू लागली तशी आईंनी मागे वळून खुंटीकडे बोट केलं.

"आणि गाऊन पुरेत. आता काहीतरी बरं शिव मला. कोट शिव, थंडीचा, अस्तराचा." त्यांनी बोटांवर उरलेली इंजेक्शनं मोजली. "सात ट्रायली लागतील असा."